केवढा पडदा, किती दूर बैठक?

दुकानात संच ओळीने मांडलेले असले की नजर सर्वांत मोठ्या पडद्यावर खिळते. पण संच निवडताना आधी मोजावी ती आपली खोली!

प्लाझ्मा पडद्याचेच उदाहरण घ्या. तो १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जन्मला, आणि तोही करमणुकीसाठी नव्हे, तर संगणकावर धडे दाखवण्यासाठी. पुढे आलेल्या रंगीत पडद्यात दोन काचांमध्ये लक्षावधी इवल्या कोठड्या असत आणि त्यांत निऑन व झेनॉन वायू. विजेने वायूचा प्लाझ्मा होई, त्यातून अतिनील किरण निघत आणि कोठडीतील लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळे. जुनी ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. तिच्यात पाऱ्याची वाफ असते, एवढाच फरक. अशा तीन कोठड्यांचा मिळून चित्राचा एक ठिपका होई.

आता हिशेब. ५० इंची पडदा (हे माप कर्णाचे बरे का!) सुमारे ११० सेंटिमीटर रुंद असतो. 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.५८ मिलिमीटरचा. साधारण १/६० अंशापेक्षा जवळचे दोन ठिपके निरोगी डोळ्यालाही वेगळे दिसत नाहीत. ०.५८ मिलिमीटरचा ठिपका एवढा कोन करतो २ मीटरवरून. बैठक ४ मीटरवर असेल, तर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. मग जादा ठिपक्यांसाठी मोजलेले पैसे वायाच की!

मोठ्या कंपन्यांनी २०१४ पर्यंत प्लाझ्मा संच बनवणे थांबवले. हिशेब मात्र कोणत्याही पडद्याला चालतो. टेप घ्या आणि आपल्या घरचा पडदा मोजून पाहा.