म्हाताऱ्या कोंबडीचे पाय गेले, अंगाला जखमा झाल्या. घरी काय करायचं, डॉक्टरला कधी दाखवायचं?

कसबा बावडा : अंडी बंद झालेली कोंबडी सांभाळायची कशाला, असं विचारणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. हिशोबानं बघितलं तर त्यांचं चूकही नाही. पण प्रत्येक गल्लीत एखादं तरी घर असं असतं, जिथं एक कोंबडी हिशोबाच्या बाहेर गेलेली असते. आज्जीनं डालग्याखाली पिल्लू असल्यापासून वाढवलेली, पोरांनी नाव ठेवलेली, उंबऱ्यावर येऊन दाणे मागणारी. अशी कोंबडी सहा-सात वर्षांची झाली की लंगडायला लागते. मग एका जागी बसून राहते. पंधरा दिवसांत छातीला आणि पायाला जखमा दिसायला लागतात. घरातले म्हणतात, आता कापा. आज्जी म्हणते, हात लावू नका. हा लेख त्या आज्जीच्या बाजूच्या लोकांसाठी आहे.

अशा कोंबडीची माहिती पटकन मिळत नाही, त्यालाही कारण आहे. पोल्ट्रीत अंड्यावरची कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की विकून टाकतात. त्यामुळं पोल्ट्रीची माहिती देणारी पुस्तकं दीड वर्षाच्या पुढं जातच नाहीत. परड्यातली गावरान कोंबडी मात्र नीट सांभाळली तर सहा ते आठ वर्षं सहज काढते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पीनट नावाच्या कोंबडीची २०२३ साली गिनीज बुकात सगळ्यात म्हातारी जिवंत कोंबडी म्हणून नोंद झाली, तेव्हा ती २० वर्षांच्या पुढं होती.

आधी कारण शोधा

"वयच झालंय तिचं" म्हणून सोडून देऊ नका. पाय जायची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातली काही घरच्या घरी बरी होतात. कोंबडी संध्याकाळी, अंधार पडल्यावर हातात घ्या. तेव्हा ती शांत असते. पाय धरून उलटी लटकवू नका, म्हाताऱ्या सांध्यांना ते सोसत नाही. दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत धरा आणि उजेडात एकेक गोष्ट बघा.

पायाचा तळवा : तळव्याला सूज आणि मधोमध काळी खपली असेल तर तो बंबलफूट. उंचावरून कडक जमिनीवर उडी मारून किंवा खडा-काटा लागून तळव्याला चीर पडते, त्यातून जंतू शिरतात आणि आत घट्ट पू धरतो. सुरुवातीला असेल तर पाय शेकून, मऊ अंथरूण करून उतरतो. सूज मोठी असेल तर ब्लेड घेऊन घरी कापत बसू नका. कोंबडीचा पू दह्यासारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही. ते डॉक्टरचं काम आहे.

पायाची खवलं : खवलं उचललेली, खाली पांढरट भुसा साठलेला दिसत असेल तर ती बारीक किड्यांची खरूज. जुनी माणसं यावर रॉकेल लावतात. तसं करू नका, कातडी भाजते. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशनं हलकेच साफ करा, पुसून खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड लावा. तेलानं किड्यांना हवा मिळत नाही आणि ते मरतात. आठवड्यातनं दोन-तीनदा असं महिनाभर करावं लागतं. खवलं ओढून काढू नका, रक्त येतं.

नखं : न चालणाऱ्या कोंबडीची नखं झिजत नाहीत, वाढून वाकडी होतात. टोकाचा थोडाच भाग कापा. आत रक्ताची शीर असते, उजेडात धरली की ती दिसते. चुकून रक्त आलंच तर हळद किंवा पीठ दाबून धरा.

पोट : कोंबडी ताठ उभी राहते, शेपटी खाली पाडते, जोर करते आणि पोट टणक लागतं, असं असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. हे दुसऱ्या दिवसावर ढकलायचं काम नाही.

सांधे : सांधे सुजून गरम लागत असतील तर संधिवात किंवा गाऊट. गाऊटमध्ये मूत्रपिंडाचं काम बिघडतं आणि सांध्यात पांढरी खडू-पावडरसारखी घाण साठते. अंडी न देणाऱ्या कोंबडीला वर्षानुवर्षं अंड्यावरचं खाद्य घातलं तर त्यातला जादा चुना मूत्रपिंडावर येतो, हे लक्षात ठेवा.

जात : बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या संशोधन केंद्रातली वनराज या जाती आपल्याकडं घरोघरी आहेत. त्या अंगानं भारी असतात. वय झाल्यावर तेवढं वजन पायांवर येतं, म्हणून त्या गावरानपेक्षा लवकर बसतात.

एक इशारा. मान वाकडी होणं, हिरवी पातळ विष्ठा, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर तो म्हातारपणाचा त्रास नाही, मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो. एकापाठोपाठ एक कोंबड्या मरायला लागल्या तर कुणाला विकू नका, कापूही नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता.

जखमा का होतात?

आमच्या घरी आठ वर्षांची एक गावरान कोंबडी आहे, तिला गेल्या पावसाळ्यापासून डावा पाय टेकता येत नाही. त्यामुळं पुढचं बरंचसं रोजच्या हातातलं आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, तसंच हे. कोंबडीच्या छातीच्या मधल्या हाडावर मांस कमी असतं. दिवसभर त्याच हाडावर बसली की तिथली कातडी लाल होते, मग फोड येतो, मग फुटतो. पायाच्या मधल्या सांध्याला, ज्याच्यावर ती टेकून बसते, तिथंही तेच. त्यात खालची विष्ठा ओली असेल तर तिच्यातला अमोनिया कातडी जाळतो. म्हणजे जखमेला दोन गोष्टी लागतात, दाब आणि ओल. या दोन काढल्या तर अर्धं काम झालं.

दाब काढायला : खाली जाड, मऊ अंथरूण पाहिजे. भाताचं तूस किंवा बारीक केलेलं कोरडं पाचट चार बोटं जाड पसरा, वर जुनं सुती कापड. कापडाची मोठी, सैल चुंबळ करून तिच्यात कोंबडी बसवली की छातीचं हाड मधल्या पोकळीत अधांतरी राहतं आणि वजन बाजूंवर जातं. ज्या चुंबळीवर आपल्या आया-आज्यांनी घागरी वाहिल्या, ती इथं कामाला येते. दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

झोळी : लाकडी स्टूल पालथं घाला. त्याच्या चार पायांना सुती कापड झोळीसारखं बांधा. कापडाला पायांसाठी दोन भोकं आणि मागं विष्ठेसाठी एक ठेवा. कोंबडी त्यात ठेवल्यावर बोटं जमिनीला जेमतेम टेकली पाहिजेत. दिवसातनं दोन-तीनदा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. छातीला आराम मिळतो आणि पायांना थोडा व्यायाम होतो. झोळीत असताना तिला एकटी सोडू नका, मांजर-कुत्र्याचं सांगता येत नाही.

ओल काढायला : कापड सकाळ-संध्याकाळ बदला, ओलं झालं तर लगेच. गुदाजवळची पिसं कात्रीनं बारीक करा म्हणजे विष्ठा चिकटत नाही. माखली असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्यानं धुवा आणि पूर्ण कोरडा करा. ओली कोंबडी वाऱ्यात ठेवली तर गारठते.

जखम धुण्याची रीत

एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा. या पाण्यानं जखम धुवा. घासायची नाही, पाणी सोडायचं. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून लावा. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा झाला की प्रमाण बरोबर. तसंच घट्ट लावलं तर नवीन भरणारी कातडी जळते. जखम उघडी असेल तर वर गॉज ठेवून सैल पट्टी बांधा आणि रोज बदला. पुढच्या गोष्टी करू नका :

– हायड्रोजन पेरॉक्साइडनं रोज फेस काढत बसू नका, भरत आलेली जखम पुन्हा उघडते.
– बधिर करणारं औषध असलेली माणसांची मलमं लावू नका, पक्ष्यांना ती बाधतात.
– गाई-म्हशींच्या जखमेवरचा फवारा, टर्पेंटाइन किंवा गोचिडाचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नका. म्हशीचं वजन आणि कोंबडीचं वजन यातला फरक ध्यानात घ्या.

आषाढ-श्रावणात सगळ्यात मोठी भीती माशीची. ओल्या जखमेवर किंवा माखलेल्या पिसांवर माशी बसली की एका दिवसात अंड्यातनं अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांसात शिरतात. म्हणून पावसाळ्यात दिवसातनं दोनदा पिसं बाजूला सारून बघा. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं सगळ्या काढा, मिठाच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ठेवायची जागा मच्छरदाणीनं झाका.

जखमी कोंबडी बाकीच्यांत सोडू नका. लाल दिसलं की दुसऱ्या कोंबड्या तिथंच टोचतात. पण पार दूरही नेऊ नका. डालग्याच्या आडून तिला बाकीच्या दिसल्या पाहिजेत, एकटी पडलेली कोंबडी खाणं सोडते.

खाणं, पाणी, वजन

चालता येत नसलेली कोंबडी भुकेनं मरत नाही, भांडं चार बोटं लांब राहिल्यानं मरते. दाणे आणि पाणी चोचीच्या टप्प्यात ठेवा. पाण्याचं भांडं उथळ आणि जड पाहिजे. साध्या कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. मक्याचा भरडा, तांदळाची कणी, शाळू भिजवून मऊ करून द्या. सोबत शेवग्याचा पाला बारीक चिरून, कधी उकडलेलं अंडं. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास द्या, त्यानं हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व मिळतं.

आठवड्यातनं एकदा तराजूवर वजन करून कॅलेंडरवर लिहा. पिसांमुळं कोंबडी वाळलेली दिसत नाही, तराजू खोटं बोलत नाही. अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका. कोंबडीचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

दुखण्याची गोळी घरातनं देऊ नका. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडं मेली म्हणून, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २०२३ मध्ये असेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाली. कोंबडीही पक्षीच आहे. वजन बघून योग्य औषध डॉक्टर देतील. औषध चालू असताना अंडं दिलं तर ते खायचं नाही आणि कोंबडीही कापून खायची नाही. किती दिवस, ते डॉक्टरला विचारा. जखम धुतल्यावर हात साबणानं धुवा, पोरांनाही सांगा.

डॉक्टरला दाखवायला लाजू नका. "कोंबडीसाठी दवाखाना?" असं हसणारे भेटतील. जनावरांच्या मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही पाळलेल्या जनावराला विनाकारण वेदना होऊ न देणं ही पाळणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे.

पुराची तयारी

बावड्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. चांगली कोंबडी उडून माळ्यावर, झाडावर बसते. पाय गेलेली कोंबडी खुराड्यातच राहते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. धोक्याची वाट बघू नका, ३९ फुटांची बातमी आली की तिची टोपली, कोरडं कापड आणि चार दिवसांचा दाणा वर न्या.

कधी थांबायचं?

सगळं करूनही काही कोंबड्या उठत नाहीत. नुसती चालत नाही म्हणून जीव घ्यायची घाई नको. खाते, आवाज दिला की मान वर करते, उन्हात पंख पसरते, तोवर तिचं बरं चाललंय. पण खाणं सुटलं, वजन दर आठवड्याला घटतंय, जखम हाडापर्यंत गेली, चोच उघडी टाकून श्वास घेते, तर मग आपल्या मायेपोटी तिला ओढत ठेवणं बरं नाही. डॉक्टर इंजेक्शननं तिला त्रास न होता सोडवू शकतात. नंतर विहिरीपासून आणि नदीपासून लांब दोन-तीन फूट खड्डा काढून चुना टाकून पुरा. नदीत किंवा ओढ्यात टाकू नका.

आणि ज्यांच्या कोंबड्या अजून धडधाकट आहेत, त्यांनी आजच एक काम करावं. खुराड्यातली बसायची दांडी एक फुटावर आणा आणि खाली तूस पसरा. म्हातारपणी जाणारे पाय कधी कधी तरुणपणी मारलेल्या उड्यांनीही गेलेले असतात.