आठवणींचं अँड गेट

पेपर लिहिताना फॉर्म्युला आठवत नाही आणि हॉलबाहेर पाऊल टाकलं की लख्ख आठवतो, हा अनुभव होस्टेलवर कुणाला नाही? म्हणजे फॉर्म्युला डोक्यात होता, वेळेवर सापडला नाही इतकंच. अल्झायमरच्या सुरुवातीचं विसरणं मात्र वेगळं असतं. तिथे बऱ्याचदा गोष्ट मेंदूत नीट नोंदलीच जात नाही. असं का होतं, हे कळायला मेंदूतल्या रिसेप्टर्सकडे बघावं लागतं.

मेंदूतल्या दोन पेशींच्या जोडात एक बारीकशी फट असते. पहिली पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि दुसरीच्या अंगावरचे रिसेप्टर, म्हणजे प्रथिनांचे रिसीव्हरच, ते पकडतात. आठवण तयार होण्यात ग्लुटामेट हे रसायन आणि त्याचा एनएमडीए रिसेप्टर यांचा वाटा मोठा. हा रिसेप्टर म्हणजे चक्क आपलं अँड गेट! त्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ग्लुटामेट येऊन चिकटलं आणि त्याच वेळी पेशीही उत्तेजित असली, तरच बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्या इशाऱ्यावर पेशी एएमपीए नावाचे आणखी रिसीव्हर पृष्ठभागावर आणते. पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात ऐकू येतो. शिकण्याचा पाया हाच.

अल्झायमरमध्ये बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे बारीक पुंजके या जोडांना त्रास देतात. प्रयोगशाळेत असं दिसलंय की त्यामुळे रिसीव्हर पृष्ठभागावरून आत ओढले जातात. ग्लुटामेटही वेळेवर आवरलं जात नाही. मग गेट किलकिलं राहतं, कॅल्शियम झिरपत राहतं. एवढ्या नॉइजमध्ये सिग्नल कळणार कसा? हळूहळू जोड तुटतात, पुढे पेशी मरतात. नव्या आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला याची झळ लवकर बसते. म्हणून सकाळचं जेवण आठवत नाही, पण लहानपणीचं गाव आठवतं.

औषधं आहेत. मेमँटिन त्या किलकिल्या गेटमध्ये जाऊन बसतं. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. डोनेपेझिल वेगळ्या वाटेने जातं. अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसरं रसायन या आजारात कमी पडतं, ते मोडणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं. दोन्हींनी काही काळ थोडा आधार मिळतो, आजार बरा होत नाही.

मी साताऱ्याची, शिकते सांगलीत. हळदीच्या या बाजारपेठेत "आजोबांना हळदीचं दूध द्या, विसरणं थांबेल" हा सल्ला हमखास मिळतो. उंदरांवरच्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनमुळे अमायलॉइड कमी झालं होतं, हे खरं. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत रुग्णांना फायदा दिसला नाही. कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही. दूध खुशाल द्या, पण त्यासाठी डॉक्टरांचं औषध बंद करू नका.

आणि प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा "वय झालं" म्हणून सोडून न देता तपासून घ्यावं.

सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांनी "कधी आलीस?" असं पाचव्यांदा विचारलं, तर "आत्ताच सांगितलं ना!" म्हणून काय उपयोग? ते मुद्दाम करत नाहीत. आपलं उत्तर त्यांच्या कानापर्यंत पोचलं, गेटपाशी अडलं. त्यांच्यासाठी प्रश्न पहिलाच आहे. आपणही पहिल्यांदाच सांगतोय असं सांगावं.