विंडोज नाही? मग नेट कसं चालणार!

बिल दर महिन्याला आपण भरायचं आणि कॉम्प्युटरवर विंडोजच हवं, हे नेटवाल्याने ठरवायचं? हा कुठला न्याय, बॉस?

२०००च्या दशकात केबलचं नेट घेतलं की सोबत कंपनीचा 'डायलर' यायचा, बहुतेक वेळा फक्त विंडोजचा. लॉगिनची रीत कंपनीची स्वतःची, गुपित. मग लिनक्सवाल्या पब्लिकने ती उकलून आपले डायलर लिहिले. सिफीसाठीचा 'सुपरसिफी' त्यातलाच. नवी मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड असणारे सुटले. तिथे पीपीपीओई होतं, १९९९मध्ये जाहीर झालेली, सगळ्यांना खुली पद्धत. उबुंटूत 'पीपीपीओईकॉन्फ' चालवा, युजरनेम-पासवर्ड द्या, संपलं!

यूएसबी डोंगलची तर वेगळीच नाटकं. खोचला की तो आधी सीडी असल्याचं सोंग घ्यायचा, कारण पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर. 'यूएसबी-मोडस्विच' हा छोटासा प्रोग्रॅम त्याला कान धरून मोडेम बनवायचा.

आता लॉगिनचं काम राउटर करतो, त्याला तुमच्या लॅपटॉपवर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. तरी नेरुळला माझ्याकडे कनेक्शन जोडायला आलेला मुलगा उबुंटू बघून म्हणालाच, "मॅडम, विंडोज नाही? मग नाही होणार." ब्राउझरमध्ये राउटरचं पान मीच उघडलं, पीपीपीओई निवडलं आणि दोन मिनिटांत नेट सुरू.

तुम्हीही लिनक्सवाले असाल तर ॲडव्हान्स देण्याआधी एवढंच विचारा: लॉगिन पीपीपीओईने होतं, की तुमचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं?