जैववैद्यकीय अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण

जैववैद्यकीय अभियांत्रिकी ही अभियांत्रिकीची तत्त्वे वैद्यकशास्त्रास लागू करणारी ज्ञानशाखा होय. भारतात तिची एम.टेक. पदवी सामान्यतः दोन वर्षांची असून उत्तरार्धात प्रबंध सादर करावा लागतो. अमेरिकेतील काही विद्यापीठांत प्रबंधाऐवजी प्रकल्पावर भर देणारी व्यावसायिक पदवीही मिळते.

प्रवेश
आयआयटींमधील प्रवेश प्रामुख्याने गेट परीक्षेद्वारे होतो. या परीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. आयआयटी खरगपूर येथे एमबीबीएस पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

मराठवाडा
नांदेडजवळील विष्णुपुरी येथील श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९८१) इन्स्ट्रुमेंटेशन अभियांत्रिकी शिकवली जाते. संवेदक, संकेतप्रक्रिया व नियंत्रण हे या शाखेचे विषय ईसीजी यंत्र व व्हेंटिलेटर यांच्याही मुळाशी असल्याने तिचे पदवीधर या शिक्षणाकडे वळू शकतात.

विष्णुपुरीतच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. महानगरांपासून दूरच्या रुग्णालयात यंत्र बंद पडल्यास व तज्ज्ञ जवळ नसल्यास उपचार खोळंबतात. म्हणून उपकरणांचे अंशशोधन, नियमित देखभाल, विद्युतसुरक्षा व खरेदीचे तांत्रिक निकष जाणणाऱ्या अभियंत्याचे महत्त्व अशा ठिकाणी विशेष असते.