एकनाथ महाराज कोणत्या अक्षराखाली?

ई-पुस्तके लावून ठेवणाऱ्या कॅलिबर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकनाथी भागवताची फाइल टाकायची आणि लेखकाच्या रकान्यात ‘एकनाथ महाराज’ लिहायचे. लगेच शेजारी अनुक्रमासाठीचे नाव तयार होते: ‘महाराज, एकनाथ’. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असा त्याचा हिशेब. तुकाराम महाराजही मग ‘म’खालीच जातात. दुसऱ्या एखाद्या फाइलवर ‘संत एकनाथ’ असेल, तर एकच लेखक यादीत दोन ठिकाणी उभा राहतो. एकनाथांचे पैठण ज्या जिल्ह्यात आहे, त्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हे खटकणारच. त्या रकान्यात हाताने नुसते ‘एकनाथ’ लिहिले की काम होते. पण संग्रहात हजारभर पुस्तके असतील, तर असा हात बऱ्याच ठिकाणी फिरवावा लागतो.

कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी लिहायला घेतलेले हे सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते. त्यात मराठी पुस्तके येतात ती अनेक वाटांनी: साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या पीडीएफ, राज्य मराठी विकास संस्थेने स्कॅन केलेली दुर्मिळ पुस्तके, ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तके. प्रत्येकाची नावे लिहिण्याची रीत निराळी.

ना. धों. महानोरांचेच पाहा. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचा हा कवी कुठे ‘ना. धों. महानोर’, कुठे मधली जागा गाळून ‘ना.धों. महानोर’, तर कुठे ‘नामदेव धोंडो महानोर’ असतो. वाचकाच्या दृष्टीने माणूस एकच. यंत्राच्या लेखी तीन लेखक, आणि ‘पानझड’ एकाकडे तर ‘रानातल्या कविता’ दुसऱ्याकडे. लेखकांच्या यादीत एकाला दुसऱ्याचे नाव दिले की सगळी पुस्तके एकत्र होतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचे मात्र असे विलीनीकरण करू नये. कवितांवर कुसुमाग्रज आणि नाटकांवर शिरवाडकर हे लेखकाने स्वतः ठरवलेले आहे. ते तसेच ठेवून दोन्हींना एक समान टॅग द्यावा.

याहून चिवट अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲरिस्टॉटल’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जाई, आणि अजूनही लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच, आतले संकेत वेगळे. म्हणून यादीत अगदी एकसारखी दिसणारी दोन नावे आढळली, तर एक पुसून पुन्हा टाइप करावे.

एवढा खटाटोप कशासाठी? स्कॅन केलेल्या पुस्तकात शोधायला अक्षरेच नसतात, पाने म्हणजे नुसती चित्रे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर बहुधा असंबद्ध रोमन अक्षरे हाती येतात. अशा पुस्तकापर्यंत पोचायला नोंद हाच एक रस्ता. ती चुकली, तर पुस्तक यंत्रात असूनही सापडत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. आधीच्या पुस्तकांवर प्रकाशनस्थळ ‘औरंगाबाद’ छापलेले आहे. ग्रंथालयांची शिस्त इथे उपयोगी पडते: मुखपृष्ठामागच्या पानावर जे छापले, तेच नोंदीत. कॅलिबरमध्ये ‘प्रकाशनस्थळ’ असा आपला रकाना वाढवता येतो, आणि शहराविषयीची जुनी-नवी सगळी पुस्तके एका टॅगखाली आणता येतात.

कोबोच्या रीडरवर हे टॅग थेट संग्रह म्हणून उतरवता येतात. किंडलवर अलीकडच्या मॉडेलांत कॅलिबरला ती मुभा नाही. संग्रह यंत्रावर पुन्हा हाताने लावावे लागतात. त्यामुळे किंडलवाल्याने मोजकेच आणि मोठे संग्रह करावेत. बारीक वर्गवारी संगणकावरच ठेवावी आणि कॅलिबरचे अख्खे फोल्डर अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, कारण दुरुस्त केलेल्या साऱ्या नोंदी त्याच फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत असतात.