वर्धेकाठचे काळे भांडार

सोन्याच्या खाणीला मुलूख कितीही दुर्गम असला तरी चालतो, कारण तिच्यातून निघणारा माल थोडक्या पेट्यांत भरून, पहाऱ्यानिशी, प्रसंगी उंटावर लादूनही नेता येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निर्जल वाळवंटात १८९२ साली कूलगार्डी येथे आणि पुढच्याच वर्षी कालगुर्ली येथे सोने सापडले, तेव्हा माणसे आधी धावली आणि पाणी मागाहून, १९०३ साली, पाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकून त्यांच्यामागे गेले. कोळशाचे तसे नव्हे. तो जड, हलक्या किमतीचा आणि राशीच्या राशी नेल्या तरच पैसा देणारा. आगगाडी दाराशी आल्यावाचून त्याला कवडीचेही मोल नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाशी, वणी तालुक्यात जे काळे भांडार आहे, त्याचा पूर्वेतिहास मला तरी या एका प्रतीक्षेचाच इतिहास वाटतो.

वर्धा नदीच्या दोन्ही तीरांखाली गोंडवन काळातील, सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचे, खडक पसरलेले आहेत आणि त्यांतील बराकर थरांत कोळशाची जी पट्टी आहे ती काही ठिकाणी पंधरा मीटरांहूनही जाड भरते. भूगर्भाने नदीची सीमा मानलेली नाही; परंतु राज्यकारभाराने ती मानली. पूर्वेकडचा चांद्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, तो १८५४ साली खालसा झाला; पश्चिमेकडचे वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये निजामाने कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिलेले, म्हणजे अंमल इंग्रजांचा आणि स्वामित्व हैदराबादचे. या वऱ्हाडाच्या आग्नेय भागाचा १८६४ साली निराळा जिल्हा झाला, तो पुढे वणीच्याच नावाने ओळखला गेला आणि १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. भूगर्भ खात्याचे ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळशावर लिहिलेला विस्तृत ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा संपत्ती अज्ञात होती असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही सरकारी खाण चालली ती नदीपलीकडे वरोऱ्यास, १८७१ पासून १९०६ पर्यंत, कारण लोहमार्ग वर्ध्याहून वरोऱ्यासच उतरला. वणीचा शेतकरी त्या काळात कोळशाच्या माथ्यावर कापूस पिकवीत राहिला. पुढे माजरीहून फाटा निघाला, वर्धेवर पूल पडला, गाडी वणीवरून राजुरास पोहोचली आणि राजूर हे चुनाभट्ट्यांचे गाव ‘राजूर कॉलरी’ झाले. उत्तर हिंदुस्थानातून, छत्तीसगडातून, तेलुगू मुलखातून माणसे आली. वऱ्हाडी बोलीच्या शेजारी तीन-चार भाषा एकाच नळावर पाणी भरू लागल्या.

भूमिगत खाणीत कोळसा सरसकट खणून काढीत नाहीत. गल्ल्या पाडीत जातात आणि मधले चौकोनी खांब छताच्या आधारासाठी राखून ठेवतात. हाजिरी लागली, डोक्यावरच्या टोपीला दिवा अडकला, की पाळीच्या माणसांपुढे सरदार चालू लागतो. सरदार हे खाणीतले कायद्याने नेमलेले, परीक्षा देऊन मिळवायचे पद आहे. त्याच्या हातात एक काठी असते. छताला तो ती टेकवून ठोकतो, क्षणभर कान देतो, दोन पावले सरकून पुन्हा ठोकतो. आवाज खणखणीत आला तर वरचा दगड एकसंध. बद्द, पोकळ आला तर थर सुटलेला, मग तेथे आधी टेकू लागतात आणि त्यानंतरच माणूस जातो. भिंतींवर चुनखडीची पूड उडवून काळ्या गल्ल्या पांढऱ्या करतात, ते स्फोटाच्या वेळी कोळशाच्या धुळीने पेट घेऊ नये म्हणून. या खोऱ्यातला कोळसा हवा लागली की आपोआप तापतो, धुमसतो, आणि कधी कधी एखादा भाग विटांची भिंत घालून कायमचा बंद करावा लागतो. इतक्या वैऱ्यांशी रोज गाठ असणाऱ्या माणसांच्या विद्येला आपल्या साहित्याने फारशी जागा दिली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१ मे १९७३ रोजी देशातील उरलेल्या खाजगी कोळसा खाणी राष्ट्राच्या झाल्या आणि येथला कारभार पुढे नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आला. त्यानंतर गल्ल्यांचे युग मागे पडून खुल्या खाणींचे आले: निलजई, उकणी, कोलारपिंपरी, जुनाड. खुल्या खाणीत छत नसते, म्हणून छताचे भय नसते. सरदाराच्या काठीऐवजी तेथे फावडेयंत्रे आणि डंपर बोलतात. माणसाच्या जिवाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय. मात्र भूमिगत खाण शेताखालून जाई, खुली खाण शेतच उचलते. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्यान्वये शिवारे जातात, मोबदला ठरतो, कोणाच्या मुलाला जमिनीच्या बदल्यात नोकरी लागते, आणि कापसाची काळी माती खालच्या खडकाच्या ढिगाऱ्यात मिसळली गेली की वर्धेकाठी उभ्या राहणाऱ्या त्या कृत्रिम टेकड्यांवर बाभळीखेरीज फारसे काही तग धरीत नाही. वरचा मातीचा थर आधी निराळा काढून, निराळा रचून, कोळसा संपल्यावर भरून काढलेल्या जमिनीवर पुन्हा पसरावा, यासाठी कोणतेही नवे शास्त्र लागत नाही; लागतो तो वेळ आणि खर्च, आणि तो कोळशाच्या किमतीतच धरला पाहिजे.