पानिपताहून ‘परतलेले’ भाऊसाहेब

पानिपताची लढाई इथे पुन्हा लढत नाही. दिवाळी अंकांतून ती दरवर्षी लढली जातेच. १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना गोळी लागली, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशिराज पंडिताने भाऊंचे धड सापडल्याचे, ओळख पटल्याचे लिहून ठेवले आहे. नानासाहेब पेशवे त्याच जूनमध्ये पर्वतीवर वारले.

पुण्याने मात्र भाऊंचे मरण मानले नाही. पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही आणि पेशव्यांच्या वाड्याने त्यांना तसे सांगितलेही नाही. अफवेला पहिला आसरा वाड्यानेच दिला, असे माझे मत आहे. त्यात वेडगळ काही नव्हते. माणसे खरोखरच परतत होती. नाना फडणीस अंगावरचे कपडे टाकून, लपतछपत सुटले. पाय जायबंदी झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान भिश्त्याने वाचवले. मग भाऊच का येणार नाहीत?

आले! उत्तरेतून सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत आला. थोरल्या माधवराव पेशव्यांनी चौकशी करून तोतयाला कैदेत टाकले, पण जीव घेतला नाही. ती दया पुढे महागात पडली.

रत्नागिरीला गेलो की मी रत्नदुर्गावर चढतोच. पर्यटक भगवतीचे दर्शन घेऊन दीपगृहाकडे वळतात. माझे डोके मात्र सुभेदार रामचंद्र नाईक परांजप्यांत अडकलेले असते. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या तोतयाला १७७६ साली त्यांनी सोडले, भाऊसाहेब म्हणून मान्य केले आणि बघता बघता हजारो माणसे जमली. कोकणातले किल्ले पटापट त्याच्याकडे गेले. परांजपे फसले, असे म्हणून बरेच जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. सुभेदारी करणारा माणूस एवढा भोळा? काळ पाहा: नारायणरावांचा खून झालेला, गादीवर जेमतेम दोन वर्षांचे सवाई माधवराव, राघोबा इंग्रजांच्या वळचणीला, कारभार बारभाईंच्या हाती. अशा वेळी चिमाजीअप्पांचा मुलगा भाऊ जिवंत निघाला, तर कित्येकांची सोय होणार होती. भाऊ असते तर सेहेचाळिशीत असते. पंधरा वर्षांत चेहरा बदलतो, एवढी सबब पुरेशी होती. जमलेल्यांपैकी किती जणांचा खरा विश्वास होता आणि किती जण वारा पाहून पाठ फिरवणारे होते, याचा हिशेब मी किल्ल्यावर बसून अनेकदा मांडला आहे. दुसऱ्या जातीचे जास्त असावेत.

(न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. पण परांजप्यांवर स्वतंत्र नाटक अजून व्हायला हवे!)

तोतया बोरघाटापर्यंत आला. पुण्यात घबराट पसरली. महादजी शिंदे आणि तोफखान्याचे भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. आता इथे थांबा. कारभारात नाना, रणात महादजी. तोतयाला संपवणारे हे दोघेही पानिपताहून जिवंत परतलेले, खऱ्या भाऊंना जवळून पाहिलेले! त्यांच्यासमोर कोणाचा पाड लागणार?

मुंबईकर इंग्रजांचा आसरा गाठायला निघालेला तोतया कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन १७७६ अखेर त्याला देहान्त शिक्षा झाली. सरकारने तोतयाचा निकाल लावला, पण भाऊ वारले असे वाड्याने तेव्हाही म्हटले नाही. पार्वतीबाई १७८३मध्ये गेल्या, त्या सौभाग्यवती म्हणूनच.